गवती चहाचं तेल घरी काढताना: सावईवेऱ्याच्या कुळागरातल्या नोंदी

१४ फेब्रुवारी २०२४

गोव्यातल्या आमच्या कुळागराच्या (म्हणजे पोफळीच्या बागेच्या) वरच्या बांधावर आईने लावलेली गवती चहाची चाळीसेक ठोंबं आहेत. चहात टाकून टाकून किती टाकणार? निम्मी पात दर वर्षी वाळून जाते. परवा धाकट्या भावाने म्हापशाहून दहा मिलीची बाटली आणली, २४० रुपयांची. आत गवती चहाचंच तेल, आणि लेबलवर मराठीत छापलेलं 'अत्यावश्यक तेल'. आई म्हणाली, "एवढं अत्यावश्यक असतं तर रेशनवर मिळालं असतं." ज्याने भाषांतर केलं त्याला कुणीतरी सांगायला हवं की इसेन्शियल म्हणजे इथे गरजेचं नव्हे, सत्त्वाचं, अर्काचं.

तर ठरवलं, तेल घरीच काढायचं. आईच्या गुडघ्यांना चोळायला, डासांना, आणि कामावरून आल्यावर खोलीत वासाला. मी इलेक्ट्रिशियन आहे, रसायनातला नाही. जे बिघडेल ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तेवढे पैसे वाचतील.

१७ फेब्रुवारी

घरातला पाच लीटरचा कुकर घेतला. शिटी काढून तिथे सिलिकॉनची नळी (२४० रु.) बसवली, वाफ गार होऊन पाणी आणि तेल गळावं म्हणून नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून खाली काचेची बाटली ठेवली. पात ७०० ग्रॅम. ताज्या पातीच्या वजनाच्या साधारण ०.२ ते ०.५ टक्के तेल निघतं, म्हणजे फार तर दोनतीन मिली मिळायला हवं होतं. मिळालं काय? पाण्यावर एक चकचकीत पापुद्रा. तोही बोट लावल्यावर बोटालाच चिकटला. दीड तास आणि दोन-दोन रुपयांचे पंचवीस बर्फाचे खडे गेले.

उरलेलं तेल नळीने खाल्लं असणार. किती वेळा धुतली, वास जात नाही.

२१ फेब्रुवारी

वास नळीलाच नाही, कुकरच्या रबरी रिंगलाही लागलाय. सोमवारपासून आमच्या भाताला, डाळीला, एवढंच काय खतखत्यालाही गवती चहाचा वास आहे. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताटात भात वाढला आणि म्हणाली, "आता यात दूध घाला, चहाच होईल." नवी रिंग १६० रुपये. जेवणाचं भांडं या कामाला वापरायचं नाही, हा नियम आजपासून.

३ मार्च

फोंड्यात एका फॅब्रिकेटरकडे पन्नास लीटरचं स्टीलचं पिंप करायला टाकलं. झाकणाला पाऊण इंची तोंड, आत तळापासून सहा इंचांवर जाळी. चार दिवसांत देतो म्हणाला. आज अकरावा दिवस. थंड करायच्या नळीसाठी एसीवाल्याकडून तांब्याची तीन अष्टमांश इंची नळी पाच मीटर आणली, १,४५० रु. वाळू भरून घागरीभोवती गुंडाळली म्हणजे चेपत नाही. गावातले दोघे येऊन बघून गेले आणि विचारून गेले, उर्राक (काजूची हलकी दारू) कधी मिळेल. फेणीची भाटी लावायची तर अबकारी खात्याचा परवाना लागतो. इथे आंबवणं नाही की दारू नाही, फक्त पात आणि पाणी. पण तांब्याची गुंडाळी बघितली की गोव्यात माणूस एकच विचार करतो.

१७ मार्च

पिंप काल आलं. ३,२०० ठरले होते, ३,६०० घेतले. जाळी सहा इंचांऐवजी चारच इंचांवर. मला वाटलं, चालेल.

नाही चाललं. पाणी उकळून वर उडतं, खालची पात त्यात भिजते, मग पाणी कमी झालं की तळाला लागून करपते. पहिल्या अर्ध्या तासात सुंदर वास होता, नंतर बिडीचा.

दुसरी चूक गार पाण्याची. नळी ठेवली होती वीस लीटरच्या बादलीत, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी भरून. लीटरभर पाणी गळेपर्यंत बादलीला हात लावायची सोय राहिली नाही आणि नळीच्या टोकातून वाफच यायला लागली. त्या वाफेबरोबर तेलही अंगणात. आमच्याकडे तेल सोडून सगळ्या वाडीला वास मिळाला.

रात्री मुलाचं विज्ञानाचं पुस्तक काढून हिशेब केला. एक किलो वाफेचं पाणी व्हायला ती सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता सोडते. म्हणजे एक लीटर गळेपर्यंत वीस लीटरची बादली २७ अंशांनी तापणार. टाकीतलं पाणी मुळात ३३ अंशांचं. ते गेलं साठावर. हे आधी केलं असतं तर आठ किलो पात वाचली असती.

२४ मार्च

पलीकडच्या वाड्यावर फेणीची भाटी लावणारे काका आहेत. सध्या काजूचा हंगाम, त्यांना मान वर करायला वेळ नाही. तरी आले. पिंपाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "नळी बरी आहे. पाणी वाईट आहे. नळी बदलू नकोस, पाणी बदल." त्यांच्याकडे वाफ लावणीत (दारू जमते त्या भांड्यात) जाते आणि लावणीवर सतत गार पाणी ओततात. एक माणूस त्याच कामाला. मी विहिरीवरच्या पंपाची बारीक धार बादलीच्या तळाशी सोडली, वरून गरम पाणी वाहून पोफळींच्या मुळाशी. विहिरीचं पाणी २६-२७ अंश. हा उपाय फुकटात झाला.

झाकणाच्या फटीसाठी मी सिलिकॉन आणणार होतो. काका म्हणाले, वारुळाची माती लाव. बायको म्हणाली, कणीक. कणकेवर मत पडलं. ती तापली की भाकरीसारखी कडक होते आणि काम झालं की सुरीने निघते.

जाळी दोन इंच वर घेतली, तीन विटांचे तुकडे खाली देऊन. फॅब्रिकेटरकडे परत गेलो नाही.

३१ मार्च: पहिलं खरं तेल

काल सकाळी आठ किलो पात कापली (हातमोजे घाला, पात ब्लेडसारखी कापते), एक दिवस पडवीत सावलीत पसरून ठेवली. आज वजन साडेसहा किलो. सुकल्याने पाणी जातं, तेल तेवढंच राहतं आणि पिंपात जास्त मावते. चार बोटं लांबीचे तुकडे केले.

जाळ नारळाच्या सोडणांचा आणि करवंट्यांचा. गॅस परवडत नाही. पाऊण तासाने पहिला थेंब पडला. त्यानंतरचं मोजलं ते असं: पहिल्या ४० मिनिटांत १५ मिली, पुढच्या ४० मिनिटांत ५, आणि त्यानंतरच्या तासाभरात जेमतेम दोन. एकूण २२ मिली. इथून पुढे दीड तासावर जाळ काढणार. शेवटचे दोन मिली एका पोत्याभर सोडणांच्या भावाने नकोत.

तेल पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगतं. गोळा करायला काचेच्या उंच बरणीच्या तळाला तोटी बसवून घेतली (काचवाल्याने एक बरणी फोडली, दुसरीला जमलं, ३५० रु.). गळणारं पाणी वरून पडतं, तेलाचा थर वर जमतो, खालच्या तोटीने पाणी सोडत राहायचं. शेवटी बरणीत बोटभर उंचीचा थर राहतो. खालचं पाणी दुधट, वरचं तेल हिरवट पिवळं, आणि मधे एक रेघ, पाटीवर पेन्सिलने ओढल्यासारखी. आई चष्मा लावून बघत बसली होती. म्हणाली, "एवढ्या गवताचं एवढंच?"

एक खोट: तेल पिवळं हवं, माझं हिरवट आहे. तांब्याच्या नळीत आतून हिरवा थर धरला होता. आधी व्हिनेगरने धुतली, मग कंटाळून स्टीलची नळी घेतली, २,१०० रु. तांब्याची १,४५० ची नळी आता वेल चढवायला आहे.

६ एप्रिल

हावरेपणा. दहा किलो पात पायाने दाबून भरली. वाफेला वर यायला वाट मिळेना, आत दाब धरला आणि कणकेची एक बाजू उडून वाफेचा झोत डाव्या हाताच्या कोपराखाली बसला. तीन इंचांचा पट्टा लाल झाला.

मुलाला कुठूनतरी माहीत होतं की १९१० साली गातफोसे नावाच्या एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाचा हात प्रयोगशाळेत भाजला, त्याने लॅव्हेंडरचं तेल वापरलं आणि पुढे ॲरोमाथेरपी हा शब्द त्यानेच दिला. "बाबा, तुम्हीही तेल लावा ना!" मी वीस मिनिटं हात नळाखाली धरला. भाजल्यावर पहिल्यांदा गार वाहतं पाणी. ना तेल, ना हळद, ना टूथपेस्ट. फोड आला, पण छोटा.

झाकणाला आता सेफ्टी व्हॉल्व्ह आहे (१८० रु.). पात दाबायची नाही, नुसती हलवून बसवायची. हा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी हवा होता. करणाऱ्यांनी बाकी काही विसरलं तरी चालेल, हे विसरू नका.

१४ एप्रिल

आता ५१ मिली तेल हाताशी आहे, म्हणजे वापराच्या चुका सुरू.

आईचे गुडघे. शंभर मिली खोबरेलात पाच मिली तेल घातलं. पाच टक्के, म्हणजे काहीच नाही असं वाटलं. आपल्याला तेल वाटीने घ्यायची सवय. रात्री चोळलं. पहाटे आईने उठवलं, दोन्ही गुडघ्यांवर लाल चकंदळं आणि आग. मी घाईत पाण्याने धुवायला गेलो, आग आणखी पसरली. हे तेल पाण्यात विरघळत नाही. आधी साधं खोबरेल लावून पुसून काढायचं, मग साबण. डॉक्टरांनी मलम दिलं, पाच दिवसांत गेलं. त्यांनी विचारलं, "हाताच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर बघितलं होतं का?" नव्हतं.

गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रल असतं. वास त्याचाच आणि त्वचेला झोंबतंही तेच. जाणकार अंगाला लावायची मर्यादा ०.७ टक्के धरतात. मी सातपट लावलं होतं. आता शंभर मिलीला अर्धा मिली.

१६ एप्रिल

थेंब मोजून काम करणाऱ्यांसाठी: सगळीकडे 'एक मिली म्हणजे वीस थेंब' लिहिलेलं असतं. एक मिलीच्या सिरिंजने पडताळून बघितलं. भावाच्या बाटलीच्या तोंडातून २२ थेंब, माझ्या ड्रॉपरमधून ३१. जवळजवळ दीडपट फरक! औषधाच्या दुकानात सुई नसलेली सिरिंज दहा रुपयांत मिळते. तीच वापरा.

याच आठवड्यात मी अंघोळीच्या बादलीत आठ थेंब टाकले. तेल वर तरंगत राहिलं, पहिल्याच तांब्याबरोबर सगळंच्या सगळं अंगावर आलं. कुठे झोंबलं ते लिहीत नाही.

२८ एप्रिल

डास. अर्ध्या टक्क्याचं खोबरेल लावून संध्याकाळी पडवीत बसलो, घड्याळ समोर ठेवून. चाळीस मिनिटं एकही नाही. एकेचाळिसाव्या मिनिटाला घोट्यावर. दर पाऊण तासाला कोण लावत बसणार? शिवाय डेंगीचा डास दिवसा चावतो. रात्री खोलीत वास सोडून त्याला काही फरक पडत नाही. मच्छरदाणी आहे तिथेच राहील, आणि पोफळीच्या विऱ्यांत (गळून पडलेल्या पानांच्या रुंद देठांत) साचलेलं पाणी दर रविवारी ओतायचं कामही.

भाऊ, वहिनी आणि त्यांची चौदा महिन्यांची मुलगी चार दिवस राहायला आले होते. वहिनी पोरीच्या सर्दीला निलगिरीचं तेल रुमालावर टाकून उशाशी ठेवणार होती, मी माझं तेल देतो म्हणालो. तेवढ्यात आईच्या गोळ्यांसाठी आरोग्य केंद्रात गेलो होतो तिथे विचारून घेतलं हे बरं झालं. एवढ्या लहान मुलांच्या नाकाजवळ यातलं काहीच नेऊ नका म्हणाले. निलगिरी किंवा कापूर चमचाभर जरी पोटात गेला तरी मुलाला आकडी येऊ शकते. बाटल्या आता कपाटात वर, कुलपात, औषधांसारख्या. पोटात घ्यायचं मोठ्यांनीही नाही; चहात टाकायला पात आहेच की.

आमची मनी वासाच्या दिव्याजवळ यायचीच बंद झाली होती. मांजराच्या यकृताला ही तेलं नीट निचरता येत नाहीत, आणि अंगावर बसलेलं ती चाटून पोटात घेते. दिवा आता फक्त माझ्या खोलीत, खिडकी उघडी, अर्धा तास. मनी पडवीत परतली आहे.

५ मे: तिखी

गवती चहा जमला म्हणून तिखीच्या पानांना हात घातला. (घाटावरच्यांसाठी: तिखी म्हणजे दालचिनी. आम्ही सालीइतकीच पानंही वापरतो.) पाच किलो सावलीत सुकलेली पानं, दोन तास जाळ. गळणाऱ्या पाण्याला लवंगेसारखा तिखट वास, पण बरणीत वर तेलाचा थर काही जमेना. तासाभराने वैतागून खालच्या तोटीने पाणी सोडत राहिलो, वर काहीतरी दिसेल या आशेवर.

संध्याकाळी ते सांडपाण्याचं घमेलं ओतायला उचललं तर तळाशी तपकिरी मणी. हललं की एकमेकांत मिसळत होते. पारा फुटून पडावा तसे. मग डोक्यात प्रकाश पडला. तिखीच्या पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, लवंगेत असतं तेच, आणि ते पाण्यापेक्षा जड. माझी बरणी हलक्या तेलासाठी. मी तासभर तळचं तेल मन लावून बाहेर सोडत होतो. पहिली दोन घमेली तर पोफळींना घातली होती. उरलेल्यातून सिरिंजने ४ मिली उचललं.

हे तेल आईला लावायचं नाही, ठरलंय. युजेनॉल गवती चहापेक्षा मऊ नाही. दंतवैद्य वापरतात ते हेच, पण मोजून. मी दुखऱ्या दाढेला कापसाने लावून बघितलं तेव्हा दाढ बधिर झाली आणि शेजारची हिरडी सोलली.

१९ मे

साठवण. मार्चमधलं तेल काचेच्या ड्रॉपरच्या बाटलीत होतं. आज उघडायला गेलो तर ड्रॉपरचं रबर फुगून बोटाला लागलं, च्युइंगगमसारखं. तेलात काळे कण. गाळून घेतलं, पण १२ मिली वासाला ठेवलंय, अंगाला नाही. प्लास्टिकच्या डबीत ठेवलेलं थोडं होतं, त्या डबीचं झाकण आता फिरत नाही.

चाललेली रीत: तपकिरी काचेची बाटली, घट्ट साधं झाकण, गळ्यापर्यंत भरलेली (आत हवा राहिली की तेल जुनं होतं आणि जुनं तेल त्वचेला जास्त बाधतं), अंधारात गार जागी. तेल दुधट दिसलं तर त्यात पाणी आहे. दोन दिवस बाटली उभी ठेवा, तळाचं पाणी सिरिंजने ओढा. प्रत्येक बाटलीवर तारीख. तेल काढल्यावर उरणारं सुवासिक पाणी मी दोन लीटर साठवलं होतं, तीन आठवड्यांत त्यात बुरशीचे धागे तरंगायला लागले. आता फ्रीजमध्ये अर्धा लीटर ठेवतो, बाकी फरशी पुसायला. फरशीला झकास.

आईचे गुडघे: नव्या प्रमाणाचं तेल रोज रात्री चोळतो. पुरळ नाही. बरं वाटतं म्हणते. भावाने तिला विचारलं, तेलाने वाटतं की मुलगा रोज पंधरा मिनिटं पाय चोळतो म्हणून? आई म्हणाली, "दोन्ही बंद करू नका." डॉक्टरांच्या गोळ्या आणि व्यायाम चालू आहेत, त्यातलं काही कमी केलेलं नाही.

९ जून

पाऊस लागला. ओली पात घालून एक घाणा काढून बघितला, आठ किलोला ९ मिली. पावसातल्या पातीत पाणीच फार. दसऱ्यापर्यंत बंद.

हिशेब: पिंप ३,६००, स्टीलची नळी २,१००, तांब्याची नळी १,४५०, बरणी ३५०, व्हॉल्व्ह १८०, सिलिकॉन नळी २४०, कुकरची रिंग १६०, बर्फ ५०, बाटल्या आणि सिरिंज ४२०. एकूण ८,५५०. यातले १,९०० निव्वळ वाया. धरलेलं तेल: गवती चहा १३७ मिली, तिखी ४ मिली. भावाच्या बाटलीच्या भावाने गवती चहाचे ३,२८८ रुपये होतात. माझे एवढे रविवार यात धरलेले नाहीत. पुढच्या हंगामात खर्च फक्त जाळाचा, तेव्हा फिटेल.

दसऱ्याआधी करायचं: जड तेलासाठी वेगळी बरणी, तळ निमुळता आणि पाण्याची तोटी वर, जाळीला विटांऐवजी पाय, आणि बायकोने सांगितलेलं एक, पिंप स्वयंपाकघराच्या मागून हलवून विहिरीपाशी न्यायचं. पिंप आता गोठ्यात पालथं आहे. कुकरची जुनी रिंग मुलाने खिडकीला टांगली होती, तिला अजून वास येतोय.